मामूंची पेन्शन

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला आमची सरकारी नोकरदारांची वसाहत आहे. तिच्यात पेन्शन घेणारे माझ्यासकट चाळीसएक जण असतील. पण पेन्शन या गोष्टीवर मनापासून श्रद्धा असलेला माणूस मी उभ्या मराठवाड्यात एकच पाहिला, आणि त्याला पेन्शन नव्हती. असणार तरी कुठून? आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपड्याचं दुकान. दुकानदाराला कोण पेन्शन देतो? पण एक तारखेला आम्ही बँकेतून परत येताना त्यांच्या दुकानावरून गेलो, की ते हातातलं काम टाकून उभे राहायचे आणि लग्नाच्या वरातीकडे पाहावं तसे आमच्याकडे पाहायचे. "काम केलं तेव्हा पगार, काम नाय केलं तरी पगार," ते म्हणायचे, "साहेब, ही जन्नत आहे. लोक उगंच वर बघत्यात."

सगळी वसाहत त्यांना मामू म्हणे. त्याचं कारण साधं होतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सगळे पंचविशी-तिशीतले, नवी लग्नं झालेली. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरी पाळणा हलायचा, आणि ज्या घरी हलला तिथे पहिलं झबलं-टोपडं मामूंच्या दुकानातून फुकट पोचायचं. मामाचा मान म्हणून. वसाहतीतल्या समस्त बायका अशा रीतीने त्यांच्या बहिणी झाल्या, आणि आमची मुलं भाचे-भाच्या. त्या एका झबल्यापाठोपाठ त्या घरचा पुढचा वीस वर्षांचा कपडा त्यांच्याच दुकानातून यायचा, हे खरं. पण मामूंनी ते धंदा म्हणून केलं की प्रेमानं, हे मला कधी ठरवता आलं नाही. त्यांनाही आलं नसावं.

मामू मूळचे पाचोडचे. वडील डोक्यावर गठडं घेऊन बाजारच्या दिवशी कापड विकायचे. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मामू आईच्या कडेवर होते, त्यामुळे त्या दिवसांतलं त्यांना आठवत काहीच नाही. पण त्यानंतरची एक गोष्ट मात्र पक्की आठवत होती. त्यांचे एक चुलते निजामाच्या अमदानीत कुठल्याशा कचेरीत चपराशी होते. राज्य गेलं, नाणं बदललं, कचेरीच्या पाट्या बदलल्या, पण चुलत्यांची पेन्शन काही चुकली नाही. चार भावांच्या त्या घरात बाकी सगळ्यांची कमाई पावसावर आणि बाजारावर. दर महिन्याला नेमानं येणारा पैसा एवढाच. त्यामुळे घरातला पहिला चहा त्यांना, रोटी पहिल्या तव्याची त्यांना, आणि मामूंच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या खाटेवर ढेकूणसुद्धा विचारून चढायचे. मामूंचे वडील मात्र म्हातारपणी गठडं उचलता येईना तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहिले. त्यांना कुणी वाईट वागवलं नाही, फक्त काही विचारायचं कुणाला सुचलं नाही. "पेन्शन म्हंजी पैसा नाय साहेब," मामू एकदा मला म्हणाले, "म्हाताऱ्याला घरातले विचारतात ना, 'आज क्या पकाना?', ते पेन्शनीमुळं विचारतात."

दुकानात मामूंच्या काही पद्धती होत्या. पहिली म्हणजे त्यांनी आरसा कधी ठेवला नाही. आरशात पाहून माणूस खूश होतो आणि घरी गेल्यावर कपडा परत घेऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भरवसा गळ्यातल्या टेपवर. वसाहतीतल्या प्रत्येकाचं माप त्यांना तोंडपाठ होतं आणि ते माणसांना मापानंच ओळखायचे. "ते बेचाळीस छातीवाले आले होते, तुम्हाला इचारत होते," असा निरोप मला मिळायचा आणि मला तो बरोबर कळायचा. एकदा मी पँट घ्यायला गेलो, तर कमरेला टेप लावून त्यांनी आकडा पाहिला. पुन्हा लावली. मग टेप गळ्यात टाकून म्हणाले, "दोन इंच कमी. पँट नाय देत मी. आधी डॉक्टरला दाखवून या." मी हसण्यावारी नेलं, तर त्यांनी संध्याकाळी घरी येऊन माझ्या बायकोला सांगितलं. तपासलं तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. पुढे सहा महिन्यांनी माझी कंबर पूर्ववत झाली तेव्हा त्यांनी पँट दिली, आणि थांबल्यामुळे भाव वाढला होता तो वाढीव भावच घेतला.

दुसरी पद्धत अशी, की त्यांनी दुकानातला माल वसाहतीच्या वयाबरोबर बदलत नेला. शहरात कुठली फॅशन आली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आमची मुलं रांगत होती तेव्हा दुकानात झबली-दुपटी. मुलं शाळेत गेली तेव्हा भिंतभर गणवेश, खाकी आणि निळे. मुली कॉलेजात गेल्या तेव्हा ओढण्या. मग लग्नांचे आहेर. मग एका वर्षी मुलं पुण्याला, बंगलोरला, काही समुद्रापलीकडे गेली, आणि मामूंनी वरच्या फळीवर लोकरीच्या कानटोप्या, हातमोजे आणि आतून घालायचे गरम कपडे मांडले. नातवंडं बघायला जाणारी सगळी आजी-आजोबा मंडळी तिथूनच सजून निघायची. त्यानंतर गुडघ्याचे पट्टे आले, पुढून उघडणारे गाऊन आले, नाडीऐवजी इलॅस्टिकचे पायजमे आले. दुकानाच्या दोन पायऱ्या फोडून त्यांनी उतार करून घेतला. आत चार खुर्च्या ठेवल्या, त्याही हाताच्या, म्हणजे उठताना आधार. ती मात्र चूक झाली. त्या खुर्च्या इतक्या सोयीच्या होत्या की सकाळी दहाला आलेला गुडघ्याचा पट्टा दुपारी एकपर्यंत उठायचा नाही, आणि खरेदी करायला आलेल्या माणसाला बसायला जागा नसायची.

आमच्यातली मोठी माणसं एकेक करून निवृत्त व्हायला लागली तेव्हा मामूंना आणखी एक धंदा मिळाला. निरोप समारंभाची शाल. कुठल्याही खात्यातला माणूस निवृत्त होवो, शाल मामूंकडची. निवृत्त झालेल्याकडे शालींचा ढीग जमायचा. तो दोन-चार शाली मामूंना परत आणून द्यायचा आणि बदल्यात बनियन न्यायचा. मामू त्या शालीची घडी मोडू न देता पुढच्या समारंभाला विकायचे. एक तपकिरी काठाची शाल माझ्या माहितीत चार जणांच्या खांद्यावर पडली. चौथा मी.

पण हे सगळं पाहता पाहता मामूंच्या मनात काहीतरी शिजत होतं. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, पडदा ओढला, आणि हळूच म्हणाले, "साहेब, या महिन्याअखेर माझी अठ्ठावन्न पुरी होत्यात."

"बरं मग?"

"मग काय? रिटायर नको व्हायला?"

मी म्हणालो, "मामू, दुकानदार कुठे निवृत्त होतो? अंगात जोर आहे तोवर बसायचं."

"तेच तर. अब्बाबी तसेच बसले. जोर संपला, मग कोपऱ्यात गेले. मला तसं नक्को. मला तारीख पाहिजे. हार पाहिजे. भाषण पाहिजे. आन् पेन्शन पाहिजे."

"पेन्शन देणार कोण?"

त्यांनी गल्ल्याकडे बोट दाखवलं. गल्ल्यावर नईम बसला होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेला, एका लहान मुलीचा बाप, अबोल आणि बापावर जीव असलेला.

मग मामूंनी माझ्याकडून रीतसर अर्ज लिहून घेतला. साधं लिहिलेलं त्यांना चालेना; आमच्या पाटबंधारे खात्यात लिहितात तसंच पाहिजे. म्हणून मी 'विषय : सेवानिवृत्तिवेतन मंजूर होणेबाबत' असं लिहून, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपासून सुरुवात केली. शेवटच्या पगाराच्या, म्हणजे ते गल्ल्यातून महिन्याला घेत त्या रकमेच्या, निम्मी पेन्शन आणि वरती महागाई भत्ता. आतल्या खोलीतून मामी, म्हणजे मामूंच्या पत्नी, ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घर का बच्चा है, उसको दरखास्त देते? हात पसरा तो भी दे देगा ना वो."

"हात पसरना नक्को, इसलिए तो दरखास्त है," मामू म्हणाले.

नईमनं अर्ज वाचला, बापाकडे पाहिलं, आणि खाली सही करून 'मंजूर' असं लिहिलं. समारंभ दुकानातच झाला. नारळ, हार, पेढे आणि शाल. ही शाल त्यांनी आपल्याच दुकानातून मला पूर्ण किमतीला विकत घ्यायला लावली. पैसे न देता घेतलेल्या शालीचा मान नसतो म्हणे. आमच्यातल्या तिघांनी भाषणं केली. मामू उत्तरादाखल उभे राहिले, खांद्यावरची शाल सारखी केली. आणि एवढंच म्हणाले, "काही कमी-जास्त झालं असंल तर कपडा बदलून मिळंल."

पुढची बारा-तेरा वर्षं दुकानात पेन्शनचं खातं अगदी नियमाप्रमाणे चाललं. एक तारखेला सकाळी मामू अंघोळ करून, इस्त्रीचा कुर्ता घालून, दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर येऊन बसत. नईम पाकीट देई, मामू वहीत सही करत. महागाई भत्त्याची बातमी आली की वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन ते हजर. नईम म्हणायचा, "अब्बा, हा केंद्राचा वाढलाय." मामू म्हणायचे, "हौ, मालूम है. तू राज्य सरकार आहेस. सहा महिन्यांनी दे, पण फरक दे." आणि नोव्हेंबर लागला की ते माझ्याकडे हयातीचा दाखला घ्यायला यायचे. तो नियमही त्यांनी आमच्याकडूनच उचलला होता. मी कागद काढला की ते सरळ उभे राहायचे, कुर्त्याचं वरचं बटण लावायचे. मी लिहायचो, 'वरील इसम आज रोजी माझ्यासमोर हयात असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' नोकरीत होतो तोवर मी खाली शिक्का मारायचो. निवृत्त झाल्यावर माझ्या सहीला सरकारदरबारी काही किंमत उरली नाही, पण मामूंच्या दुकानात ती चालत राहिली. नईम तो कागद हसत हसत पण नीट तारेला लावून ठेवायचा. पेन्शनचे पैसे मामू कशावर खर्च करत, तर बहुतेक नातीच्या खाऊवर आणि घरात कुणी काही मागितलं तर त्यावर. मामी मला एकदा म्हणाल्या, "हर सुबह पूछना पडता, आज क्या पकाना. नहीं पूछा तो मुँह फूल जाता."

मग हळूहळू धंदा बसला. त्याचं कारणही मामूंनीच आम्हाला सांगितलं होतं, फक्त ते स्वतःच्या दुकानाला लागू होईल असं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. ते म्हणायचे, "सत्तरीनंतर माणसाचा कपडा झिजत नाय साहेब. माणूस झिजतो." खरंच होतं. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं आम्ही भरपूर घेतलं. लग्नं, प्रवास, नातवंडं. त्यानंतर दोन पायजमे आणि तीन सदरे वर्षानुवर्षं पुरायला लागले. पेन्शन वाढत होती, पण ती आता औषधांच्या दुकानात जात होती. बाहेरगावची मुलं फोनवरून कपडे मागवून थेट आमच्या दारात पाठवायला लागली. खोकं उघडायचं, अंगाला होतो का बघायचं, नाही झाला तरी ठेवून द्यायचं. गल्लीतली तीन घरं बंद झाली. दोघे जण मुलांकडे गेले, काही जण गेलेच. मामू प्रत्येकाच्या मातीला यायचे आणि परत येताना म्हणायचे, "बेचाळीस छाती, अडोतीस कंबर. तीस वर्षांचं गिऱ्हाईक." त्यात धंद्याचं दुःख किती आणि माणसाचं किती, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

एकदा सकाळी नऊच्या सुमाराला मी फिरून परतत असताना मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर सायकलवरून येणारा नईम दिसला. डोक्याला पंचा, अंगावर पोत्यांची धूळ. मी हाक मारली तसा तो ओशाळला. मोटारसायकल कुठे गेली, विचारलं, तर म्हणाला विकली. मग खरं सांगितलं. मोंढ्यात एका आडत्याकडे तो पहाटे पाच ते नऊ काट्यावर पोती चढवायला-मोजायला उभा राहत होता. नऊला घरी येऊन अंघोळ, आणि दहाला दुकान. आठ महिने झाले होते.

"अब्बांना सांगू नका, काका. त्यांना वाटतंय दुकान चालतंय."

मी म्हणालो, "अरे, मुलीची फी आहे, घर आहे. अब्बांना सांगून पेन्शन थोडे महिने थांबव. ते काय नाही म्हणणारेत?"

"नाय म्हणणार नाहीत. म्हणूनच नाय सांगता येत." तो सायकलच्या घंटीवरून बोट फिरवत राहिला. "एक तारखेला कसे बसतात तुम्ही बघितलंय ना? मी ते कसं बंद करू?"

मी गप्प बसायचं कबूल केलं. त्यानंतर महिनाभर मी रोज मामूंबरोबर चहा प्यालो आणि रोज मला तो चहा जड गेला. नईमचं बरोबर होतं आणि तरीही ते चालण्यासारखं नव्हतं. पंचेचाळिशीचा माणूस पहाटे चारला उठून किती वर्षं पोती मोजणार?

त्या वर्षी नोव्हेंबर आला आणि मामू दाखल्याला आले नाहीत. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं तब्येत बिघडली असेल, पण ते तर रोज दुकानात दिसत होते. महिना संपत आला तेव्हा नईमच माझ्या घरी आला. "काका, अब्बांनी दाखला दिला नाही. तुमच्याकडं आले होते का?" मी नाही म्हणालो. आम्ही दोघे दुकानात गेलो. मामू गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते.

नईम म्हणाला, "अब्बा, दाखला राहिला तुमचा."

"हौ."

"मग काकांकडून घ्या ना. हे काय, काका आलेच आहेत."

मामूंनी पेपरची घडी घातली. "नाय घेत. दाखला नाय, तर पेन्शन बंद. कायदा आहे."

"काय बोलताय? तुम्ही माझ्यासमोर बसलाय."

"समोर बसल्यानं माणूस हयात होत नाय. साहेबांना इचार. वसाहतीतले एक मास्तर पेन्शनीच्या हापिसात पाच येळा समोर जाऊन बसले होते, तरी बंद झालीच. कागद पाहिजे."

 नईम माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे. शेवटी त्याचा आवाज चढला. "मग मी वहीत काय लिहू? काय लिहू सांगा ना! अब्बा गुजर गए, असं लिहू?"

"तसं कायकू? लिही, 'कागदपत्रं अपूर्ण.' साहेब, बरोबर ना? कागदपत्रं अपूर्ण, म्हणून थांबवण्यात येत आहे. ह्यात कुणाचा दोष नसतो."

मी मान हलवली. खरोखरच, कुणाचाही दोष न काढता माणसाचे पैसे थांबवायला सरकारात याहून चांगलं वाक्य नाही. मामू उठले, नईमजवळ गेले, आणि गळ्यातली टेप काढून सरळ त्याच्या कमरेला लावली. "ईदला पायजमा बेतला तेव्हा दोन इंच कमी लागली. मी तुला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बोल्या, कुछ नहीं है. बीमारी नाय, तर दोन इंच गेले कुठं? मग एका पहाटे तुझ्या मागं आलो. मोंढ्यापर्यंत. पोत्यांच्या आड उभा राहून बघितलं." टेप त्यांनी हळूहळू गुंडाळली. "माझ्या बापानं गठडं उचललं माझ्यासाठी. मी तुझ्याकडून पोती उचलवून घेऊ? कल से मत जा."

नईम दुकानात उभ्या उभ्या रडला. मी बाहेर उतारावर जाऊन थांबलो. थोड्या वेळानं मामू आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. मी म्हणालो, "मामू, मला माहीत होतं."

"मालूम है. महिनाभर नजर न मिळवता चहा पीत होते तुम्ही. तुमच्यानं लबाडी होत नाय साहेब. सरकारात कसे टिकले?"

नईमनं मोंढ्यातलं काम सोडलं. त्यानं आणि मामूंनी दुकानाचा अर्धा भाग एका चष्मेवाल्याला भाड्यानं दिला. आमच्या वसाहतीत तो दुसऱ्या दिवसापासून चालला. उरलेल्या अर्ध्यात कपडे. आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मामू पुन्हा कामावर रुजू झाले. म्हाताऱ्यांना दुकानापर्यंत यायला जमत नाही, तर दुकानानंच त्यांच्याकडे जावं, असा त्यांचा हिशेब. खांद्याला पिशवी, पिशवीत चार गाऊन, सहा बनियन, पायमोजे, नाड्या आणि सुई-दोरा. रोज तीन घरं. नईमची सुरुवातीला तक्रार असायची, की अब्बा सकाळी जातात आणि संध्याकाळी दोन नाड्या विकून येतात. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात. त्यांचा खांदा आखडलेला. मामूंनी त्यांच्या सगळ्या ब्लाउजांची बटणं काढून तिथे चिकटपट्टी शिवून दिली आणि तेवढ्या कामाला चार दुपारी घेतल्या, कारण बाईंना मुलीची हकिकत सांगायची होती. पण हळूहळू बाहेरगावची मुलं मामूंना फोन करायला लागली. "मामू, आईला एक शाल द्या, आणि ती कशी दिसते ते सांगा." शालीचे पैसे यायचे. दुसऱ्या गोष्टीचे मामूंनी कधी घेतले नाहीत, पण माप मात्र सांगायचे. "बाहीत ढील आलीय. यंदा दिवाळीला ये, पुढच्या वर्षावर ढकलू नको."

ते सहा वर्षं फिरले. मग कुणाच्या तरी जिन्यावर पाय घसरला, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि घरी आल्यावर चालणं जवळजवळ बंद झालं. आता नईम पिशवी घेऊन जातो. तो बापापेक्षा दुप्पट घरं करतो आणि प्रत्येक घरी दहाच मिनिटं बसतो. दुकान चालतंय, फार नाही, पण चालतंय. मामूंच्या नातीला इथल्याच एका इस्पितळात नर्सची नोकरी लागलीय.

मी हल्ली दिवेलागणीला मामूंकडे जातो. ते खिडकीशी खाटेवर पडलेले असतात. डोळ्यांना फारसं दिसत नाही. मामी चहा आणून ठेवतात आणि मामूंना विचारतात, "रात को क्या पकाऊँ?" मामू बराच विचार करून खिचडी म्हणतात. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, गल्लीत कुणाकुणाकडं दिवा लागतो आता?"

मी येतानाच पाहिलं होतं. मी एका टोकापासून सांगायला सुरुवात केली. "पहिलं घर, लागतो. भाडेकरू आहेत. दुसरं बंद. तिसऱ्यात दोघंही आहेत, पण फक्त स्वयंपाकघरातला. चौथं बंद."

"चौथं चौतीस कंबर. मुलाकडं गेले," मामू डोळे मिटून म्हणाले. "पुढं?"

"पाचवं, लागतो. सहावं, लागतो. सातवं विकलं, पण अजून कुणी आलं नाही. आठवं, मुख्याध्यापिका बाईंचं. लागतो."

"त्यांची चिकटपट्टी बदलायला झाली असंल," ते पुटपुटले. नवव्या घराला त्यांनी नुसता हुंकार दिला. दहाव्याला दिला नाही. श्वास सावकाश आणि लांब चालला होता, तोंड थोडं उघडं होतं. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी बोटानं खूण केली, की झोपले. मला उठायला हरकत नव्हती. पण मध्येच थांबणं मला बरं वाटेना. अकरावं, बारावं, तेरावं, असं हळू आवाजात सांगत मी माझ्या घरापर्यंत आलो, आणि तिथून पुढे गल्लीच्या शेवटपर्यंत गेलो.